तेरच्या पाणंदीत बंद पडलेली गाडी

आण्णांना अर्धांगवायूचा झटका आला, तेव्हा त्यांची उजवी बाजू गेली आणि बोलणंही बरंचसं गेलं. शब्द ओठांपर्यंत यायचा आणि पहिल्याच अक्षरावर अडकून बसायचा. आण्णा म्हणजे माझे वडील. त्यांनी उमेदीची वर्षं तेर, धाराशिव, तुळजापूर या भागात बसवर कंडक्टर म्हणून काढली होती. तो मुलूख पुन्हा बघायचाय, एवढं त्यांनी खाणाखुणांनी आम्हाला समजावलं होतं. लॉजच्या पायऱ्या त्यांना झेपणाऱ्या नव्हत्या. म्हणून माझ्या नवऱ्यानं पुण्यातून एक मोटारहोम भाड्यानं घेतली. मोठ्या ट्रॅव्हलरमध्ये पलंग, शेगडी, बेसिन बसवलेलं, आणि मागच्या दाराला व्हीलचेअर चढवायला लोखंडी फळी.

तेरला नदीकाठी एका चिंचेखाली आम्ही मुक्काम केला. सकाळी तिथल्या विहिरीवरून गाडीत पाणी भरून घेतलं आणि शेतांमधल्या पाणंदीनं डांबरी रस्त्याकडं निघालो. फेब्रुवारी सरत आला होता, ऊन आत्ताच चटके देत होतं. पाणंद अरुंद होती. डावीकडं ऊस तुटून गेलेला फड, त्यात उसाच्या पानांचं गुडघाभर पाचट वाळून पडलेलं. उजवीकडं खोल, कोरडा ओढा. फडाच्या बांधावर आणि ओढ्याच्या काठावर बाभळी.

अर्ध्या वाटेत इंजिननं दोन-तीन आचके दिले आणि गाडी बंद पडली. हे खाली उतरून बॉनेट उघडून उभे राहिले. डिझेल वर येत नाही, हवा धरलीय बहुतेक, असं म्हणाले. मी गाडीच्या कंपनीला फोन लावत होते, तो लागत नव्हता. तेवढ्यात वास आला.

फडाच्या पलीकडच्या टोकाला कुणीतरी पाचट पेटवलं होतं. असं जाळतात हे मला माहीत होतं, म्हणून आधी काहीच वाटलं नाही. मग वारा फिरला. धूर सरळ आमच्याकडं यायला लागला आणि त्याच्याखाली तडतड आवाज करत जाळाची एक लांब रेघ पुढं सरकताना दिसली.

आम्ही दोघांनी गाडी ढकलून बघितली. मागचं चाक चाकोरीतल्या भुसभुशीत मातीत रुतलेलं होतं. गाडी हलली नाही. मग मी म्हटलं, आण्णांना बाहेर काढू. मागची फळी टाकली, त्यांना खुर्चीवर बसवून खाली आणलं आणि तिथंच खुर्चीची पुढची चाकं मातीत बसली. आण्णा अंगानं भारी. त्यांना उचलून चार पावलं गेलो असू, तर पुढची सगळी पाणंद धुरानं भरली. मागंही तेच. आण्णांना ढास लागली. छाती भात्यासारखी वरखाली व्हायला लागली. आम्ही त्यांना परत गाडीत घेतलं, काचा लावल्या आणि ओला टॉवेल त्यांच्या तोंडावर धरला.

तेव्हा ते बोलायला लागले. डाव्या हातानं माझं मनगट घट्ट धरून म्हणत होते, "टा... टा..."

"काय, आण्णा? काय पाहिजे?"

"टा... की."

यांनी ते ऐकलं आणि यांचा चेहरा उतरला. गॅसची टाकी. शेगडीखाली भरलेली टाकी होती आणि दोघांच्याही ते डोक्यात आलं नव्हतं. यांनी रेग्युलेटर काढला, टाकी खांद्यावर घेतली आणि ओढ्यात उतरून पार लांब नेऊन ठेवली. मला वाटलं, झालं. पण आण्णा मान हलवत होते, नाही, नाही. पुन्हा तेच, "टाकी." मी चिडले. टाकी नेली म्हणून ओरडले त्यांच्यावर. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, धुरानं की माझ्या ओरडण्यानं कोण जाणे. पण मनगट सोडलं नाही.

बाहेर एक माणूस पळत आला, मागोमाग त्याची बायको. हातात कडुलिंबाचे हिरवे डहाळे. पाचट त्यानंच पेटवलं होतं. पाणंदीत गाडी आहे हे बाभळींमुळं त्याला दिसलं नव्हतं. तो यांच्यावरच तडकला, "हितं कशाला घातली गाडी? ही काय वाट हाय का गाडीची?" मग काचेतून त्याला आण्णा दिसले आणि त्याचा आवाज खाली आला. गावात ट्रॅक्टरला फोन केलाय म्हणाला, पण यायला येळ लागंल. आतल्या माणसाला धुरातून नेऊ नका, दम कोंडंल.

नवराबायको दोघं बांधावर उभं राहून डहाळ्यांनी जाळ झोडपायला लागले. बांधावरचं गवतही वाळलेलं होतं. ते पेटलं असतं तर मग गाडीच. गाडीच्या आतही मला उष्णता जाणवत होती, काचेला हात लावला तर भाजलं.

आण्णांनी माझं मनगट ओढलं आणि बेसिनच्या नळाकडं नेलं. नळावर माझा हात ठेवला.

पाण्याची टाकी.

मी दार उघडून ओरडले, "अहो, पाणी! गाडीत पाणी आहे!" मागच्या दाराशी पाय धुवायला एक नळीचा फवारा होता. पंप बॅटरीवर चालायचा, त्याला इंजिन लागत नव्हतं. यांनी नळी ओढली, पण ती बांधापर्यंत पुरेना. मग यांनी बादल्या भरायच्या आणि ती बाई त्या उचलून गवतावर ओतायची, असं सुरू झालं. तिचा नवरा ओल्या डहाळ्यांनी झोडपत पुढं सरकत होता. मी आत आण्णांचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते आणि काचेतून फक्त धूर आणि माणसांचे पाय दिसत होते.

जाळ बांधाला येऊन भिडला. एका ठिकाणी गवत पेटलं, त्या बाईनं त्यावर बादली उपडी केली. मग तडतड कमी झाली. पुढं जाळायला काही उरलं नव्हतं. धूर वर उठला आणि काळाभोर फड दिसायला लागला, वाफा निघणारा. पंप कोरडाच घरघरत होता. तो बंद करायचं कुणाला सुचलं नव्हतं.

ती बाई दारात आली. तिच्या हातावरचे केस जळाले होते. तिनं आण्णांकडं बघितलं आणि मला विचारलं, "बरं हायती ना?" मी मान हलवली. तिचा नवरा बांधावर बसून होता. यांना म्हणाला, "म्या आधी चक्कर मारून बघाया पायजे होतं, दाजी." यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

ट्रॅक्टर आला, त्यानं गाडी ओढून डांबरीवर काढली. मेकॅनिक धाराशिवहून आला. डिझेलच्या रबरी पाइपला बारीक चीर होती. त्यानं पाइप बदलला, हवा काढली, गाडी चालू झाली.

मी आण्णांचा चेहरा पुसत होते. मघाशी ओरडले त्याबद्दल काही बोलावं असं वाटत होतं, पण त्यांनी डोळे मिटून घेतले होते. हे स्टिअरिंगवर बसले आणि मागं वळून म्हणाले, "आण्णा, तुळजापूरला जायचं, का घरी?"

उत्तराला वेळ लागला. ओठ हलत होते. एरवी मी मधेच शब्द सुचवते. या वेळी नाही सुचवला. हेही थांबले.

"घ... घरी," आण्णा म्हणाले.

आम्ही घरी आलो.