फांदी आड येत होती

आमच्या घरात सोप्याच्या भिंतीवर एक मोठा फोटो लावलेला आहे. सापमार गरुडाची मादी घरट्याच्या काठावर दोन्ही पंख पसरून उभी आहे आणि त्या पंखांखाली कापसासारखं पांढरं पिल्लू बसलंय. येणारा माणूस त्याच्यासमोर थांबतोच. ‘काय माया म्हणायची ही!’ म्हणतो. आई तेवढ्यात चहाचं बघायला आत जाते.

फोटो मी काढला आहे. कौतुक ऐकून घेतो, मान हलवतो. पण त्या फोटोत काय आहे ते घरात आईला आणि मलाच माहीत आहे. आज लिहून टाकतो.

आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. हे मी लपवत नाही, उलट कुणी विचारलं नाही तरी सांगतो. वडील लोकांच्या रानात उसाची भांगलण करायचे, आई म्हशी राखायची. मी बी.एस्सी. झालो, बी.एड. केलं, आणि आता हायस्कूलला विज्ञान शिकवतो. दाराच्या पाटीवर नावापुढं दोन्ही पदव्या बसेनात, तर मी रंगाऱ्याकडून पाटीच मोठी करून घेतली.

पक्ष्यांचा नाद नोकरी लागल्यावर लागला. जुनी पण चांगली लांब लेन्स घेतली. ती खांद्यावर टाकून निघालो की पाराजवळ बसलेले ठरलेलं विचारायचे.

“काय मास्तर, तोफ घिऊन कुणीकडं?”

“घारी, गरुड बघायला.”

“घार म्हंजे आमची कोंबडीची पिल्लं नेणारीच की! तिचं कसलं फोटू काढताय, दगूड हाना.”

मी हसून पुढं जायचो. मनात म्हणायचो, यांना काय कळतंय.

आमचं गाव जोतिबाच्या डोंगराच्या अलीकडं आहे. गावामागं माळ, माळाच्या वर चढ. आई अजूनही दोन म्हशी घेऊन तिकडं जाते. नको म्हटलं तरी जाते. फोटो काढला त्या वर्षी मार्चात ती म्हशी बांधता बांधता म्हणाली, “त्यो घुबडाच्या तोंडाचा गरुड न्हाय का, हवेत एका जागी थांबून खाली बघतोय? त्येनं घर केलंय.”

मी ताटावरून उठलोच. गेली तीन वर्षं मी सापमार गरुडाचं घरटं शोधत होतो. पुस्तकं वाचून, नकाशे काढून सापडलं नव्हतं ते आईला म्हशीमागं सापडलं.

दुसऱ्या दिवशी तिनं नेलं. चढावर एक बुटका हिवर होता. त्याच्या शेंड्याला काटक्यांचं पसरट घरटं, आणि त्यात एकच पिल्लू. हा पक्षी वर्षाला एकच अंडं घालतो. ते गेलं तर त्या वर्षाचं सगळं गेलं. हिवराला पानं ती किती असणार? पण वरच्या अंगाला एक रायवळ आंबा होता आणि त्याची एक फांदी बरोबर घरट्यावर आलेली होती.

मी आणखी वर एका दगडाआड बसायचो. तिथून घरट्यात सरळ दिसायचं. नर साप घेऊन यायचा. साप अर्धा गिळलेला, शेपटी चोचीबाहेर लोंबतीय. पिल्लू ती शेपटी धरून मागं मागं सरत अख्खा साप ओढून काढायचं. वर्गात सांगितलं तर पोरांना खोटं वाटलं.

अडचण एकच होती. एप्रिलात शाळा सकाळची, त्यामुळं मी मोकळा दुपारनंतर. सकाळी घरट्यावर ऊन असायचं, मी शाळेत. मी जायचो तेव्हा सूर्य आंब्यामागं आणि घरटं सावलीत. सगळे फोटो मळकट यायचे. शिवाय फांदीची दोन पानं वाऱ्यानं हलून मधेच आड यायची. आठ दिवस मी त्या पानांवर चिडून होतो. नवव्या दिवशी आईची आकडी मागितली. लांब काठीला कोयती बांधलेली असते, शेळ्यांना पाला काढायची, ती.

“कशाला?” आईनं विचारलं.

“एक फांदी आड येतीय.”

“ती आंब्याची?”

“व्हय.”

“आरं, त्या फांदीखाली सावली हाय म्हणून तर तिनं तितं घर बांधलंय. हात लावू नगंस.”

“आई, मी यातलंच शिकलोय. घरट्याला आपण कुठं हात लावतोय? नुसती फांदी.”

“शिकलायस ते खरं,” आई म्हणाली आणि आकडी काढून दिली. माझ्या शिक्षणापुढं ती कधीच बोलत नसे. मला त्याचा अभिमान होता.

पाच मिनिटांचं काम होतं. मी आंब्याखाली गेलो तशी मादी उडाली. फांदी तोडली, बाजूला टाकली, वर दगडाआड येऊन बसलो. अर्ध्या तासानं मादी आली. उन्हात घरटं लखलखत होतं. ती जरा वेळ नुसती उभी राहिली, मग पिल्लाच्या आणि सूर्याच्या मधे सरकली आणि तिनं दोन्ही पंख पसरले. पंखांतून ऊन झिरपत होतं, तिचे पिवळे डोळे चमकत होते. असा फोटो आयुष्यात एकदाच मिळतो असं मला वाटलं, आणि ते खरं ठरलं.

घरी आईला कॅमेऱ्याच्या पडद्यावर दाखवला. तिनं बराच वेळ बघितला.

“सावली करालीय,” ती म्हणाली.

मी म्हटलं, “हो, हे नैसर्गिक आहे. पुस्तकात आहे.”

“आदी करत हुती?”

मी कॅमेरा बंद केला. आधी तिला करावी लागत नव्हती.

दुसऱ्या दिवशी गेलो तेव्हा ती तशीच उभी होती. तिसऱ्या दिवशीही. आता माझ्या लक्षात यायला लागलं की ऊन आंबा ओलांडून येतं तेव्हापासून ते डोंगराआड जाईपर्यंत ती हलत नाही. सूर्य सरकेल तशी ती पिल्लाभोवती सरकते. चोच उघडी, गळा धपापतोय. मधेच नर हिरवा पाला घेऊन यायचा, ती तो पिल्लाभोवती ठेवायची आणि पुन्हा पंख पसरायची. लेन्समधून मला तिची जीभसुद्धा दिसत होती. इतकं जवळ दिसत होतं की हात लांब केला तर पोचेल.

कोल्हापुरात माझे पक्ष्यांतले एक जाणते आहेत, निवृत्त कारकून. त्यांना फोन करून सगळं सांगितलं.

“फांदी तोडलीस?”

“हो.”

“आता काही करू नकोस. कापड बिपड बांधशील तर ती उतरायचीच नाही. तू जवळ जाशील तितका वेळ ती उडणार आणि पिल्लू उन्हात पडणार. तुझ्या हातातलं गेलं आता ते.”

मी तरीही गेलो. सूर्य मावळल्यावर आंब्यावर चढून तीच तोडलेली, अजून थोडी हिरवी असलेली फांदी सुतळीनं उरलेल्या खुंटाला बांधली. सकाळी आई म्हशी घेऊन गेली ती येऊन म्हणाली, “लय उशीर वरच फिरत हुती. उतरंना. मग उतरली.” दुपारी मी बघितलं तर फांदीची सगळी पानं वाळून खाली लोंबत होती. सावली काही पडत नव्हती. ताजी फांदी बांधायची तर पुन्हा तिला उडवायचं. रोज बांधायची तर रोज उडवायचं. मी विज्ञानाचा मास्तर, सूर्य कुठून कुठं जातो ते फळ्यावर काढून दाखवणारा, आणि एक हातभर सावली मला परत जागेवर ठेवता येईना.

त्यातच चैत्राची यात्रा आली. डोंगरावर माणूसच माणूस, ढोल, गाड्या. त्या गर्दीनं असेल किंवा आणखी कशानं, नर येईना. एक दिवस गेला, दुसरा गेला. तिसऱ्या दुपारी आई माझ्याबरोबर दगडाआड बसली होती. मादी बराच वेळ उभी होती. मग तिनं पंख मिटले, खाली बघितलं आणि उडाली. भुकेलाही बघायला पाहिजे होतं कुणीतरी.

पिल्लू उघड्यावर राहिलं. आधी ते काठाला सरकलं, पाल्यात डोकं घातलं. मग तिथनं परत मधे आलं. चोच उघडी. मी लेन्सला डोळा लावून बसलो होतो.

“काय दिसालंय?” आईनं विचारलं.

“श्वास घेतंय.”

थोड्या वेळानं पुन्हा, “आता?”

“घेतंय.”

मादी लांब टेकडीवर घिरट्या घालताना दिसत होती. आई म्हणाली, “ऊठ हितनं. आपुन बसलोय म्हणून येत नसंल.” आम्ही उठलो. उतरताना मी सारखं मागं बघत होतो. आई एकदाही बघत नव्हती.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्या सुटल्या गेलो. मादी घरट्याच्या काठावर उभी होती. तिच्या चोचीतून सापाची शेपटी लोंबत होती. ती मान खाली करून शेपटी पिल्लापुढं धरत होती. पिल्लू पाल्यात पडलेलं होतं, एक पंख उलटा. ती मान वर करायची, थांबायची, पुन्हा खाली करायची. मी त्याचेही फोटो काढले. बोट आपोआप चाललं. नंतर सगळे पुसून टाकले, पण काढले होते हे खरं आहे.

पंख पसरलेला फोटो पावसाळ्यानंतर शहरातल्या एका प्रदर्शनात लागला. मूळ फोटोच्या वरच्या कोपऱ्यात तोडलेल्या फांदीचा पांढरा खुंट होता. प्रदर्शनाला देताना तेवढा भाग मी कापून टाकला. पहिला नंबर आला. परीक्षक मातृत्वावर बोलले. मला माईक दिला. सांगायचं ठरवून गेलो होतो मी. “धन्यवाद” म्हणालो आणि खाली उतरलो. खाली वडील बसले होते, नवीन टोपी घालून. शेजारच्याला सांगत होते, “आमचं पोरगं, बी.एस्सी. हाय.”

फोटो घरी वडिलांनीच लावला. ते खिळा ठोकत असताना आईनं फक्त विचारलं, “त्यो खुंट कुठं गेला ह्यातनं?” वडिलांना काही कळलं नाही. मी बाहेर गेलो.

पुढच्या वर्षी त्या खुंटाला तांबूस पालवी फुटली. हिवर मोकळाच राहिला. हा पक्षी बहुतेक वेळा दर वर्षी नवीन झाड धरतो, म्हणून मी चढ सोडून अख्खा माळ पालथा घातला. जोडी आभाळात दिसायची, घरटं कुठं दिसेना. एका संध्याकाळी आई वैरणीचा भारा टाकून पाणी पीत होती, तिला विचारलं, “आई, गरुडाचं घर दिसलं का गं यंदा?”

तिनं तांब्या खाली ठेवला. “दिसलं की.”

“कुठं?”

“हाय. पिल्लू बी हाय. पर तुला न्हाय सांगणार.”

एवढं बोलून ती म्हशींना वैरण टाकायला गेली. तिच्या आवाजात राग नव्हता.

आता एप्रिलात शाळा सुटली की मी जेवून घरीच बसतो. दिवस कलताना आई माळावरून येते. लुगड्याला कुसळं अडकलेली असतात, ती उंबऱ्यावर बसून एकेक काढते. माळावर कुठल्या अंगाला कसलं गवत आहे ते मला चांगलं माहीत आहे. कुसळं बघितली तर ती कुठून आली ते मी लगेच सांगेन. म्हणून ती बसली की मी उठून घरामागच्या परड्यात जातो.