पार्सलनं आलेली रिळं

नदीकाठी बसणाऱ्या माणसाला मासे कमी आणि किस्से जास्त मिळतात. मासा त्याच दिवशी खाऊन संपतो, किस्से मात्र साठत जातात! आमच्याकडं ते इतके साठलेत की आता ऐकायला माणसं उरली नाहीत.

माणसं होतीच किती? रहिमतपूरचे रिटायर सुभेदार तात्या, जीप ड्रायव्हर शंकर आणि मी. दर रविवारी कृष्णेचा काठ. बांबूची काठी, तंगुसाचा दोरा आणि गळ, एवढ्यावर सुखात चाललं होतं. मग तात्यांचा कॅनडातला मुलगा अजित, त्यानं दिवाळीला स्वतः येण्याऐवजी मासेमारीचं रीळ पाठवलं.

* * *

पहिलं आलं स्पिनिंग रीळ. आम्ही ते ऐटीत काठीच्या वर बसवलं. हँडल उलटं फिरायला लागलं, दोरा तात्यांच्या मिशीत! शेवटी कॅनडाला फोन लागला.

"बाबा, ते काठीच्या खाली लटकवायचं असतं!"

"आरं, मिल्ट्रीत बंदूक अशी उलटी धरली असती तर तुझा बाप पेन्शनीवर न्हाई, कोठडीत असता!"

* * *

पुढच्या दिवाळीला बेटकास्टर नावाचं दुसरं रीळ. हे काठीच्या वर बसतं. आम्ही अर्थातच खाली लटकवलं! पुन्हा फोन. फेकताना फिरत्या रिळावर अंगठा टेकवून वेग आवरायचा, नाहीतर आत सगळा गुंता. शंकरनं जोर लावून फेकलं. गळ पायापाशी आणि रिळात ही एवढी जट!

"आरं, अंगठा हाच ब्रेक!" तात्या ओरडले.

"आवं तात्या, जन्मभर जीप चालवली. माझा पाय दाबूनच हुता की!"

* * *

मग आलं बंद तोंडाचं, बटणाचं रीळ. बटण दाबून धरायचं आणि फेकताना बरोबर सोडायचं. तिघांनाही जमेना. तात्यांच्या घरच्या काकू भाकरी घेऊन आल्या होत्या. "बघू हिकडं," म्हणून त्यांनी काठी घेतली आणि पहिल्याच झटक्यात गळ नदीच्या मध्यावर!

"लय सोपं हाय," काकू म्हणाल्या. "येळंवर सोडायचं असतंय. तुमी तिघं नुसतं धरून बसताय!"

* * *

एकदा कोयनानगरला गेलो. मासा लागल्याचं कळावं म्हणून काठ्यांच्या शेंड्यांना घुंगरू बांधले होते. अचानक सगळे घुंगरू एकदम वाजले! आम्ही झेपावलो, गरागरा रिळं फिरवली. सगळे गळ रिकामे.

वरून चहावाला ओरडला, "धक्का हुता, धक्का! मासं न्हवं!"

तात्यांनी ताबडतोब अजितला फोन लावला. आम्हाला वाटलं, भूकंपाचं सांगतील. तर म्हणाले, "आरं, स्पिनिंगचं हँडल डाव्या बाजूला घ्यायचं कसं रं?"

* * *

हे मला खटकलं. हँडल बदलायला आम्हाला तात्यांनीच शिकवलं होतं! मी जवळ जाऊन पाहिलं. रीळ मांडीवर उघडलेलं, ग्रीस लावलेलं, हँडल आधीच डावीकडं. पलीकडून अजित समजावत होता आणि तात्या "आस्सं व्हय? मग?" करत होते.

फोन ठेवल्यावर म्हणाले, "एरवी 'बरं हाय न्हवं' म्हणून ठेवतंय. रिळाचं इचारलं की अर्धा तास बोलतंय गड्या."

एकुलत्या एका पोराचा आवाज ऐकायला बापानं अडाणी व्हावं, याचं आजही फार वाईट वाटतं.

* * *

तात्या गेले, तेव्हा अजित आला. दिवसकार्य झाल्यावर त्यानं आमच्यासमोर कपाट उघडलं. सगळी रिळं ओळीनं मांडलेली, पुसलेली, तेल पाजलेली. त्यानं एक हातात घेऊन फिरवलं. लोण्यासारखं फिरलं.

"काका, यातलं एक तरी बाबांना जमायचं का हो?" त्यानं विचारलं. "मी तेच तेच सांगून दमायचो. कधी कधी चिडायचो पण."

मी शंकरकडं पाहिलं. शंकरनं टोपी काढून हातात घेतली.

"न्हाई बाबा," तो म्हणाला. "तू सांगिटल्याबिगर त्येंचं एकबी रीळ कवा फिरलं न्हाई."