सायखेड्याला गेलेला बूट

"फेक, बूट फेक!" नाशिकच्या स्टँडवर मामा ओरडत होते. "रुमाल कुणीही उचलून बाजूला करतं. बुटाला हात लावत नाही कुणी."

चांदवडला मला मुलगी बघायला जायचं होतं. एसटीच्या खिडकीतून ज्याची वस्तू आधी पडेल त्याची जागा, हा कायदा राज्यघटनेच्याही आधीचा. मी उजवा बूट असा भिरकावला, की तो सीटवर मांडी घालूनच बसला. मग पाटी वाचली. सायखेडा. तोवर बस हलली होती. एका बुटावर मी पार द्वारका चौकापर्यंत पळालो, वाटेत दोन रिक्षा मागे टाकल्या. बूट काही उतरला नाही.

चांदवडला दारात मी एकच बूट काढला. मुलीच्या वडिलांनी विचारलं, "दुसरा?"

"तो सायखेड्याला असतो," मामा म्हणाले, जणू तिथे नोकरीलाच होता.

स्थळ गेलं, असं समजून मी पोहे तरी पोटभर खाल्ले. संध्याकाळी होकार आला.

लग्नानंतर बायकोला विचारलं, "एवढं काय पाहिलंस माझ्यात?"

"त्या रविवारी दुसरं कुणी येणार नव्हतं," ती म्हणाली.