खाकरण्याचं बटण

आमच्या मामेसासऱ्यांना गुपचूप एकही गोष्ट करता येत नसे. असा दुसरा माणूस तापीपासून गिरणेपर्यंतच्या मुलखात सापडणार नाही, हे मी पैजेवर सांगते. सुरतेत पांडेसऱ्याजवळच्या आमच्या सोसायटीत आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो. मामा फाटकातून आत शिरले की सायकलची घंटा वाजे, आणि ती ते सायकल हातात धरून चालत असतानाही वाजवत. पहिल्या मजल्यावर एक खाकरणं, दुसऱ्यावर दोन. चपलांना त्यांनी मोच्याकडून मुद्दाम लोखंडी खिळे मारून घेतले होते. एवढं सगळं झाल्यावर, दार सताड उघडं असताना आणि मी समोर उभी राहून त्यांच्याकडे बघत असताना, उंबऱ्याबाहेर थांबून ते अहिराणीत मोठ्याने जाहीर करत, "मी उनू व माय, मी उनू!" म्हणजे मी आलो. मी म्हणायचे, "मामा, पलीकडच्या अख्ख्या बमरोली गावाला कळलंय, आता आत या."

मामा मूळचे खानदेशातले. तिथल्या गिरणीत जॉबर, म्हणजे मागांवरचे मुकादम होते. पुढे माझ्या सासऱ्यांनी, म्हणजे त्यांच्या मेहुण्यांनी, त्यांना सुरतेत आणलं आणि इथे एका डाइंग मिलमध्ये ते कापड तपासायच्या कामाला लागले. मामी गेल्या, मुलगी धुळ्याला दिलेली, सासरेही गेले. मामा निवृत्त झाल्यावर मीच त्यांना म्हटलं, "एकटं हात भाजून घेण्यापेक्षा आमच्याकडे राहा." त्यात माझा स्वार्थ होता. मी शाळेत गणित शिकवते, नवरा बँकेत, आणि दुपारी घरात एक जबाबदार माणूस हवं होतं. जबाबदार माणूस मिळाला. शांतता मात्र गेली.

त्यांच्या आयुष्याचा एकच नियम होता: कुणाच्या मागून जायचं नाही. बँकेत पेन्शन आणायला गेले तर रांग सोडून सगळ्या टेबलांना वळसा घालून ते कारकुनाच्या तोंडासमोर उभे राहत आणि तिथून परत रांगेत येत. आशीर्वाद द्यायचा तर पाठीवर हात नाही, समोर येऊन डोक्यावर. स्वयंपाकघराचा दिवा लावण्याआधी टाळी वाजवत. मी विचारलं, तर म्हणाले, "झुरळं असतील, बिचारी दचकतात." माझ्या मुलीबरोबर लपाछपी खेळत आणि दहा वर्षांत एकदाही जिंकले नाहीत, कारण राज्य आलं की ओरडत शोधायला निघत आणि लपायची पाळी आली की कपाटामागून खाकरत. एकदा भर दुपारी तळमजल्यावर एक चोर बंद घराचं कुलूप उचकटत बसला होता. मामांनी त्याला पाठमोरा पाहिला आणि वीस पावलांवरून घंटा वाजवली. चोर पळाला. सगळे चिडले, "मामा, मागून धरायचा ना त्याला!" मामा शांतपणे म्हणाले, "हातात पोलादी पट्टी होती त्याच्या. दचकला असता तर हात कापला असता." चोराच्या हाताची काळजी करणारा दुसरा माणूस मी पाहिलेला नाही. आणि वर्षातून एकच उपास करत, तोही माझ्या नवऱ्याच्या वाढदिवशी. घरात श्रीखंड आणि मामांच्या ताटात साबुदाणा. कसला उपास, विचारलं तर "जुना शे", म्हणजे जुना आहे, एवढंच. विक्षिप्त माणूस म्हणून आम्हीही सोडून द्यायचो.

तर अशा माणसाची गाठ अशा खेळाशी पडली, ज्यात सगळी मदार मागून जाण्यावर आहे.

झालं असं. सोसायटीच्या तळमजल्यावरच्या एका खोलीत वंदना कॉम्प्युटरचा वर्ग चालवते. पोरगी बावीस वर्षांची, वडील प्रोसेसिंग मिलमध्ये बॉयलरवर. तीन मशिनं तिने हिमतीने उभी केली. सकाळी मुलींची बॅच, माझ्या शाळेतून दहावी झालेल्या चौदा मुली तिथे टायपिंग आणि हिशेबाचं सॉफ्टवेअर शिकतात. दुपारी मात्र पोरं येऊन गेम खेळत. त्यात कुठूनशी एक सीडी आली. काळ्या कपड्यांतला एक हेर कारखान्यात शिरतो, भिंतीला चिकटून चालतो, पहारेकऱ्याच्या मागे जातो आणि तारेने त्याचा गळा आवळतो. मग रक्त वगैरे. पोरं वेडी झाली. जिन्यात, नळावर, जिथे तिथे एकमेकांच्या मागून गळे धरू लागली. शेवटी एका अकरा वर्षांच्या शूराने पाणी भरणाऱ्या देसाईकाकूंना मागून मिठी मारली. काकूंच्या हातातली कळशी पायावर पडली आणि पायाला प्लास्टर बसलं.

दुसऱ्याच दिवशी कमिटीपुढे अर्ज आला: वर्ग बंद करा, खोली रिकामी करा. मी कमिटीवर होते. वंदना रडली नाही, पण माझ्याकडे येऊन म्हणाली, "मॅडम, गेम मी आज काढून टाकते. पण एकदा बदनाम झालं की मुलींना कोण पाठवणार?" बरोबर होतं. मुलगी येणार नाही, असा निरोप तिघींच्या घरून आलाच होता.

पहिली सभा म्हणजे नुसता गोंगाट. एक जण म्हणाले, परदेशात अशा खेळाच्या डब्यावर वयाचा आकडा छापलेला असतो. दुसरे म्हणाले, आपल्याकडे डबाच नाही, नुसती सीडी आहे, तीही स्केचपेनने नाव लिहिलेली. मग आकडा आपणच ठरवू. अठरा! एकवीस! "ज्याला मिशी फुटली तो चालेल," असं चौथ्या मजल्यावरचे पटेलभाई म्हणाले, तर त्यांच्या बायकोने सगळ्यांदेखत सांगितलं, "तमे पोते शरम करो, आधी स्वतःला लाज वाटू द्या, घरी तुम्हीच खेळता." मी विचारलं, "ज्यावर आकडा टाकायचा तो खेळ इथे कुणी शेवटपर्यंत पाहिलाय?" कुणीच नाही. तेव्हा मागच्या खुर्चीवरून, आधी खाकरून, मामा उठले. "कापडाचा ताका न उघडता शिक्का मारता? मी बावीस वर्षं कापड तपासलं. पहिल्या मीटरपासून शेवटच्या मीटरपर्यंत पाहिल्याशिवाय पास नाही आणि नापासही नाही. आठ दिवस द्या."

आठ दिवस मिळाले. मला वाटलं, मामा दोन दुपारी बसतील आणि कंटाळतील. पण त्यांनी जुना तपासणीचा चष्मा काढला, वही घेतली, लाल पेन्सिल घेतली आणि दुपारी बरोबर दोनला मशीनसमोर बसले. पोरांना बाहेर काढलं. "तपासणी चालू शे, वय ठरायचंय." पोरं खिडकीला लोंबकळली.

पहिलाच प्रश्न त्यांनी वंदनाला विचारला, "पोरी, ह्यात खाकरायचं बटण कुठलं?"

वंदना म्हणाली, "मामा, ह्यात आवाज नाही करायचा. आवाज केला की मरतो."

"मग त्या माणसाला कळणार कसं मी येतोय?"

"कळायलाच नको ना!"

मामांनी वहीत काहीतरी लिहिलं. मग वंदनाने सांगितलं की भिंतीवर टकटक करायचं बटण मात्र आहे. मामा खूश. त्यांनी त्या काळ्या हेराला पहारेकऱ्यापासून दहा पावलांवर उभं केलं आणि टकटक केली. पहारेकऱ्याने वळून गोळी घातली. पुन्हा टकटक, पुन्हा गोळी. त्या दुपारी मामा एकेचाळीस वेळा मेले. वहीत नोंद आहे. खिडकीतून पोरं किंचाळत होती, "मामा, मारो ने! पाछळथी मारो!" म्हणजे मागून मारा. मामा स्क्रीनवरची नजर न काढता म्हणाले, "तो ड्युटीवर शे. त्याला कशाला मारू?"

तिसऱ्या दिवसापासून ते पहारेकऱ्यांना ओळखू लागले. हा शिफ्ट संपत आल्यावर जांभया देतो, हा हात चोळतो, ह्याला थंडी वाजते, ह्याचा मालक ह्याला स्वेटर देत नाही. जेवताना आम्हाला त्यांचीच खबर मिळे. आणि पाचव्या दिवशी त्यांना युक्ती सापडली. उभं राहून टकटक करायची नाही. टकटक करायची आणि बाजूला व्हायचं. पहारेकरी आवाज कुठून आला ते बघायला जातो, तेवढ्यात आपण त्याने मोकळ्या सोडलेल्या वाटेने निघून जायचं. जन्मभराची खोड अशी कामाला आली. सातव्या दिवशी मी शाळेतून परतले तर खिडकीशी गर्दी, आणि आत मामा घामाघूम. शेवटचं दार उघडलं, खेळ संपला, आणि पडद्यावर हिशेब आला: किती माणसं मारली, शून्य. वंदना म्हणाली, "मामा, हा आकडा मी कधी पाहिलाच नव्हता." खिडकीतली पोरं पडद्याकडे वाकली. मग त्यातला एक म्हणाला, "असंही जिंकता येतं?"

रविवारी सभा भरली. देसाईकाकू प्लास्टर घेऊन पुढच्या खुर्चीत होत्या, वंदना दाराशी, माझा नवरा माझ्या शेजारी. मामा वही उघडून उभे राहिले.

"रक्ताचं मला काही वाटलं नाही," ते म्हणाले. "लाल रंगाचं पाणी शे. आपल्या खाडीत मिलमधून रोज तेवढं वाहतं. पोरांनाही कळतं ते खोटं. दोष दुसरा शे." मग त्यांनी वही मिटली. खाकरले.

"कामावर उभ्या असलेल्या माणसाच्या मागून जायचं, आणि त्यात गंमत वाटायची, हा दोष. गिरणीत मागाच्या आवाजात काही ऐकू येत नाही. म्हणून येणाऱ्या माणसाने समोरून यायचं, तोंड दाखवायचं, मग बोलायचं. मी जवान होतो. घरून निरोप आला, बहिणीला मुलगा झाला. मी धावत खात्यात गेलो. मेहुणा मागावर होता. म्हटलं, गंमत करू. मागून गेलो आणि खांद्यावर थाप मारली." त्यांनी उजव्या हाताची दोन बोटं वर धरली आणि मिटली. "मुलगा झाला, हे मी त्याला दवाखान्यात सांगितलं."

माझ्या सासऱ्यांच्या उजव्या हाताला तीनच बोटं होती. कुणी विचारलं की ते म्हणत, "गिरणीने ठेवून घेतली." मरेपर्यंत एवढंच. पुढे त्यांनीच मामांना सुरतेत बोलावलं, नोकरीला लावलं, रोज ताटाला ताट लावून जेवले. आणि तो मुलगा म्हणजे माझा नवरा. तो माझ्या शेजारी बसला होता. मी त्याच्याकडे बघितलं नाही. बघून काय करायचं होतं?

मामांनी चष्मा पुसला आणि पुन्हा तपासनीस झाले. "निकाल ऐका. सोळाच्या खाली हा खेळ नको. लहानांना गंमत आणि काम यातलं अंतर कळत नाही. मला एकविसाव्या वर्षीही कळलं नव्हतं, पण म्हणून आकडा वाढवत बसलो तर आपण पटेलभाईंपर्यंत जाऊ." लोक हसले. पटेलभाईही. "आणि वर्ग बंद करू नका. दोष सापडला तिथे काठाला लाल दोरा बांधतात, ताका जाळत नाहीत. पोरी शिकताहेत तिथे." देसाईकाकूच आधी बोलल्या, "चालू राहू दे. त्या मेल्या पोराला फक्त माझं पाणी भरायला लावा महिनाभर." अर्ज फेटाळला गेला. वंदनाने त्या सीडीवर लाल शाईने सोळाचा आकडा टाकला, मामांनी खरोखरच सीडीच्या मधल्या भोकातून लाल दोरा ओवून गाठ मारली, आणि तिन्ही मुली सोमवारी वर्गात परत आल्या. जिन्यात पोरांचा नवा खेळ सुरू झाला: टकटक करायची आणि पळायचं. हाही त्रासच, पण पाय मोडत नाहीत.

त्या वर्षी ह्यांच्या वाढदिवसाला मी पानं घेतली. मामांचा साबुदाणा मी भिजवलाच नव्हता. ह्यांनी मामांच्या ताटात श्रीखंड वाढलं, समोरून. मामांनी ताट पुढे ओढलं आणि खाल्लं. "वेलची जास्त पडली, सूनबाई," म्हणाले.

दिवाळीनंतर त्यांची मुलगी येऊन त्यांना धुळ्याला घेऊन गेली. ऐकू फारच कमी येत होतं, आणि तिसरा मजला झेपत नव्हता. सायकल इथेच राहिली. कुणाला द्यावी हे अजून ठरलेलं नाही. जिना आता शांत असतो. दुपारी पेपर तपासताना मला खरं तर हीच शांतता हवी होती.

परवा संध्याकाळी मी ओट्याशी पोळ्या लाटत होते. दाराकडे पाठ, तवा तापलेला. हे बँकेतून आले. पंचवीस वर्षं हा माणूस मांजरासारखा आत येतो आणि मागून विचारतो, चहा आहे का. परवा दाराशीच थांबले. खाकरले. मग, घरात कधी अहिराणीचा एक शब्द न काढणारे हे, अवघडून म्हणाले, "मी उनू."

मी वळले नाही. हातातलं लाटणं तेवढं खाली ठेवलं.