आधी ब्लॉक!

कार्ड चोरीला गेलेला माणूस शब्द जुळवत बसत नाही, तोंडात येईल ते बोलतो. म्हणून आमच्याकडे किस्से फार साठतात. ताथवड्यातल्या एका ऑफिसात मी हेल्पलाइनवर मराठी कॉल घेते. क्रेडिट कार्ड गेलं म्हणून लोक फोन करतात, मी ते बंद करते. टीम लीड स्वाती मॅडमचा नियम एकच, "आधी ब्लॉक, मग चौकशी!" हेडफोनमध्ये बीप वाजली तरी मी दचकते, पण ब्लॉक करण्यात माझाच हात सगळ्यांत फास्ट. मला त्याचा अभिमान होता.

*

चाकणच्या एका कंपनीतला कामगार. मोबाईल गेटवर जमा असतो. चहाच्या सुट्टीत बाहेर आला आणि मेसेज पाहिला.

"म्याडम, पाकीट चोरलं कुणीतरी! पण चोर बरा हाय, निस्तं पेट्रोल भरलंय."

मी कार्ड बंद केलं. "पाकीट कुठं होतं?"

"गाडीच्या डिकीत."

"आणि गाडी?"

"गाडी हितंच, पार्किंगला..." मग पळण्याचा आवाज. मग "आयाया! गाडीबी न्हाय!" आणि फोन कट.

आम्ही दिवसभर हसलो. घरी जाताना मात्र वाटलं, जरा हळू विचारायला हवं होतं.

*

संत तुकाराम नगरच्या एक निवृत्त शिक्षिका.

"तू बँकेचीच कशावरून?"

"आजी, फोन तुम्ही केलाय!"

"ते असू दे. जन्मतारीख सांग."

आवाजात अशी जरब, की मी सांगून टाकली! मग आईचं नाव. मग कॉलेज. "हं, खरी दिसतेस. कर बंद."

स्वाती मॅडम शेजारून ऐकत होत्या. "अगं, कार्ड त्यांचं बंद केलंस की तुझं?"

*

आणि माझीच पर्स बसमध्ये मारली तेव्हा? दोन वर्षं लोकांना 'घाबरू नका' सांगणारी मी, स्टॉपवर उभी राहून रडत आईला फोन लावला. "आई, कार्ड गेलं! आता काय करायचं गं?"

"मला काय विचारतेस? तुझी नोकरीच ती आहे ना!"

तोवर चोरानं माझ्या कार्डावर बूट घेतले होते.

*

हा एक मात्र मी डबा खाताना सांगत नाही.

दिघीचे एक काका. आवाज चढलेला. "मुलीला माझ्या खात्यावर दुसरं कार्ड दिलं होतं, ते बंद करा! घर सोडून गेली, कार्डही घेऊन गेली. चोरीच ना ही?"

मी दचकले. हात चालला. ब्लॉक!

मग चौकशी. "काका, शेवटचे व्यवहार वाचते. तुमचे नसतील ते सांगा. सांगली, किराणा."

"असू दे."

"सांगली, मेडिकल."

"हं."

"सांगली, भांड्यांचं दुकान. आज सकाळचा."

"कुकर घेतला असेल," ते म्हणाले. आवाज एकदम उतरलेला. "ताई, परत चालू होईल का ते?"

"नाही काका, ते कायमचं बंद. नवीन कार्ड तुमच्या घरी येईल."

"म्हणजे आता मेसेज येणार नाहीत?"

"एकही नाही!" मी हुशारीनं म्हणाले. "अगदी निश्चिंत राहा."



"तिचा फोन लागत नाही हो. कुठं आहे ते त्या मेसेजवरूनच कळायचं."