दुसऱ्या रांगेतली जागा

कुरामित्सुसानांकडे माझं पहिल्यांदा लक्ष गेलं, ते सगळी मुलं बसलेली असताना त्यांनी आणखी एकीला जागा करायला सांगितली तेव्हा.

नारा शहरात, महाबुद्धाच्या देवळासमोर, आमची सहावीची मुलं फोटोसाठी बाकांवर तीन रांगांत बसली होती. मे महिना होता. एक हरीण हिसाशीच्या हातातला नकाशा चघळत होतं. फोटोग्राफर कुरामित्सुसान शिडीवर उभे होते, गळ्यात टॉवेल, तोंडात शिट्टी.

“दुसरी रांग, मधे जरा सरका. अजून एकीला जागा करा.”

“सगळी आली आहेत,” मी म्हटलं. “चौतीस.”

“माहीत आहे, बाई.”

“काका, तिथे भूत बसणार का?” हिसाशी ओरडला.

“बसलं तर तुझ्यापेक्षा गप्प बसेल. हनुवटी खाली घे.”

फोटो शाळेत आला. मधली जागा रिकामी. आमच्या मुख्याध्यापकांनी विचारलं, “बाई, कुणाला संडासात विसरून आलात?”

पुढच्या वर्षी मी जरा रागानेच जाब विचारला. कुरामित्सुसानांनी टॉवेलने हात पुसले, कितीतरी वेळ पुसले, आणि मग सांगितलं.

वीस वर्षांपूर्वी गिफूच्या डोंगरातली एक शाळा आली होती. सायोको नावाच्या मुलीला बस लागली होती. ओकून, तोंड धुऊन ती आली तेव्हा रांगा खांद्याला खांदा लावून बसल्या होत्या. मागे आणखी तीन शाळा ताटकळत होत्या.

“मी तिला म्हटलं, तुझा फोटो वर कोपऱ्यात लावू. ती म्हणाली, ‘काका, पण मी आलेय ना!’ मी बटण दाबलं.”

आमच्याकडे सहलीला न आलेल्या मुलांचे चेहरे वर्गाच्या फोटोत वरच्या कोपऱ्यात, अंडाकृती चौकटीत लावतात. वारलेल्या मुलांचेही तिथेच असतात. त्याच वर्षीच्या हिवाळ्यात न्यूमोनियाने सायोको गेली. तिची आई फोटो घेऊन नाराला आली. गावात सगळे म्हणत होते की पोरीने नारा पाहिलंच नाही, फोटोच सांगतोय. तिला रांगेत बसवून द्या, एवढंच त्या बाईचं मागणं होतं. पण त्या फोटोत बोट शिरेल एवढीही जागा नव्हती.

तेव्हापासून कुरामित्सुसान प्रत्येक वर्गाच्या फोटोत एक जागा सोडत होते.

“मग बसवा की तिला कुठल्याही फोटोत,” मी म्हटलं. “कुणाला कळणार आहे?”

“विचारल्याशिवाय नको, बाई. एकदा मी तिला बाहेर ठेवली. आता चोरून आत ढकलू?”

अकरा शाळांना त्यांनी विचारलं होतं. सगळ्यांनी नकार दिला, काहींनी कामच दुसऱ्याला दिलं. मीही आमचा फोटो देऊ केला नाही. त्या रात्री घरी भिंग घेऊन मी आमचा फोटो पाहिला. त्या जागेशेजारची दोन्ही मुलं एकमेकांपासून अंग चोरून बसली होती.

पुढे आठ वर्षं मी मुलं नेत राहिले. दर वर्षी फोटोत तेच.

माझ्या शेवटच्या सहलीत शिट्टी वाजायच्या बेताला दुसऱ्या रांगेतली किवा नावाची मुलगी पटकन बाजूला सरकली. कुरामित्सुसान शिडीवर थबकले. ओठ हलवत त्यांनी मुलं मोजली, पुन्हा मोजली. मग फोटो काढला. खाली उतरून ते थेट माझ्याकडे आले.

“बाई, सायोकोची आई आता ऐंशीची झाली,” ते म्हणाले.

या वेळी मी पालकांची परवानगी मागायला घरोघर गेले. बाकीच्यांनी फार ओढून धरलं नाही. किवाचे वडील मात्र जाळं विणता विणता मानही वर न करता म्हणाले, “मेलेल्या पोरीशेजारी माझी पोरगी? बाई, तुम्ही शिकलेल्या ना?”

किवा दारात वाटाण्याच्या शेंगा सोलत होती. “पण ती होतीच तिथे,” ती म्हणाली. “तिच्या तोंडाला आंबट वास येत होता. म्हणून तर मी सरकले.”

सायोकोला बस लागल्याचं मी कुणालाच सांगितलं नव्हतं. ते मी वडिलांना सांगितलं, तेव्हा त्यांचे हात थांबले. पहिल्यांदाच मान वर करून त्यांनी मुलीकडे पाहिलं. मग म्हणाले, “लावा.”

सायोकोच्या आईने दिलेल्या गणवेशातल्या फोटोवरून कुरामित्सुसानांनी तिला दुसऱ्या रांगेत बसवलं. फोटो द्यायला आम्ही दोघं गिफूला गेलो. म्हातारीने तो मांडीवर घेतला. कोपऱ्यात आधी पाहिलं. तिथे कुणी नव्हतं. मग एकेका चेहऱ्यावरून बोट फिरवत ती दुसऱ्या रांगेत आली आणि थांबली.

“दमलेली दिसते,” ती म्हणाली. “लांबचा प्रवास ना.”

 परतताना नारा आल्यावर कुरामित्सुसान म्हणाले, “बाई, शिडी आता विकून टाकतो.”

आता ते स्टेशनमागच्या छोट्या स्टुडिओत पासपोर्टचे फोटो काढतात. तिथे एका वेळी एकच माणूस बसतो.