परवान्यावरचा फोटो

विनेशने पहिला फटका मैनाबाईच्या खांद्यावर मारला आणि दुसरा तोंडावर. हातात होडीचं वल्हं होतं, तेही तिच्याच मालातलं. मी तीन पावलांवर होतो आणि माझ्या हातात चहाचा ग्लास होता. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे मी शहाणपणा शिकवायला लागलो तर ऐकू नका.

आमच्या गावाला नगरपरिषद आहे. नाव कशाला सांगू? दर शुक्रवारी खाडीच्या रस्त्याला जुना बाजार भरतो. मी जुनी कुलपं विकतो, शेजारी मैनाबाई. तिचा नवरा रामचंद्र मासेमारीला गेला तो परतला नाही, फुटकी होडी तेवढी किनाऱ्याला लागली. रडून झाल्यावर या बाईने छिन्नी-हातोडा घेऊन ती होडी स्वतःच्या हाताने फोडली. तिच्या कप्प्या, दोर, वल्ही, फळ्या घेऊन कोपऱ्यावर येऊन बसली. त्याला एकोणीस वर्षं झाली. पुढे ती रेवदंड्यापासून दिघीपर्यंतच्या मोडीत निघालेल्या होड्या घेऊ लागली. काशीदच्या रिसॉर्टवाल्यांना भिंतीवर टांगायला असलं काहीबाही लागतं. कोपरा चालायला लागला, आणि चालत्या कोपऱ्यावर कावळे घिरट्या घालणारच.

विनेश त्यातलाच. तीन जागा त्याने दमदाटीने बळकावून दुसऱ्यांना भाड्याने दिल्या होत्या. यंदा नगरपरिषदेने जाहीर केलं, की विक्रेत्यांचं सर्वेक्षण होणार. त्या दिवशी जो जागेवर बसलेला सापडेल त्याचा जागेसकट फोटो काढणार, आणि तोच परवान्यावर छापणार. परवाना नाही, तर जागा नाही. मैनाबाई त्या दिवशी कोपऱ्यावर दिसली नाही, की एकोणीस वर्षं पाण्यात.

म्हणून विनेश सकाळी नऊलाच आला.

"ए मावशे, उचल गबाळं. हितं आजपासून माझा मानूस बसंल."

"माझी जागा हाय. मी न्हाय उठायची."

त्याने लाथेने माल उधळला. तिने लोखंडी कप्पी उचलून त्याच्या गुडघ्यावर घातली. तो कळवळला आणि मग वल्हं उचललं. ती खाली पडली, तरी तिने त्याची पोटरी दातांत धरली आणि सोडेना. शेवटी त्याने दांडा तोंडात हाणला तेव्हा सुटली. तिचा एक दात उडून माझ्या कुलपांत पडला. मी तो कागदात बांधून डब्यात ठेवला. का, ते मला विचारू नका. बाजारात चाळीसएक माणसं होती. एकही हललं नाही, आणि सगळ्यांत जवळ मी होतो.

तेवढ्यात सर्वेक्षणवाले आले. पुढे साक्षी नावाची तरुण मुलगी, हातात टॅब. मैनाबाईला बघून ती किंचाळलीच.

"आजी, आधी दवाखान्यात चला. फोटो नंतर काढू."

"नंतर म्हंजी कवा? आज जागेवर आसंल त्याचीच जागा, तुमीच सांगितलंत ना?"

बोलता बोलता तिच्या तोंडातून रक्त येत होतं. ती मातीतून सरकत आपल्या ताडपत्रीवर जाऊन बसली. कमरेच्या पिशवीतून एकोणीस वर्षांच्या बाजारपावत्यांचा गठ्ठा काढून तिने पुढे केला. वरच्या पावत्या लाल झाल्या.

"तुमचा डोळा उघडत नाहीये," साक्षी रडवेली झाली होती.

"येक हाय ना उघडा? काढ."

विनेश मागून हलला नाही. फोटोत आलो की जागेवर आपलाही हक्क, एवढीच त्याची अक्कल. वल्हं हातात धरून, छाती काढून उभा राहिला. साक्षीने फोटो काढला.

पोलिसांनी विचारलं तेव्हा कोणीच काही पाहिलं नव्हतं. मी म्हणालो, "मी चहाला गेलो होतो." मैनाबाईला अकरा टाके पडले. डाव्या डोळ्याने तिला आता अंधुक दिसतं. साक्षीदार नाही म्हणून प्रकरण पडून राहिलं. मला लाज वाटली का? वाटली. पण लाजेने कोणी मरत नाही, वल्ह्याने मरतो, अशी मी माझी समजूत घातली.

चार महिन्यांनी परवाना आला. तो दर्शनी भागी लावणं बंधनकारक आहे, असं त्यावरच छापलं होतं. मैनाबाईने तो होडीच्या दोराने बांबूला टांगला. रक्ताने माखलेलं तोंड, मागे वल्हं घेतलेला विनेश, खाली नगरपरिषदेचा शिक्का. गिऱ्हाइकं थांबून थांबून बघायची.

विनेश आधी गोडीत आला. "मावशे, फोटो बदल की. फॉर्म मी आणून देतो."

"नियम हाय बाबा. लावायलाच लागतो."

त्याने परवाना ओढून टराटरा फाडला आणि तिला बांबूवर ढकललं. पुन्हा रक्त आलं, पुन्हा आम्ही सगळे खाली बघत राहिलो. दोन आठवड्यांनी दुय्यम प्रत टांगलेली होती. फोटो तोच.

शेवटी मलाच ते सहन होईना. "मैनाबाई, काढा की नवीन फोटो. आता बऱ्या झालात."

तिने उजव्या डोळ्याने माझ्याकडे बघितलं. मग परवाना माझ्या बाजूला फिरवला.

"बघा तरी, भाऊ. तुमचा बी बरा आलाय."

फोटोच्या उजव्या कडेला मी होतो. शेजारी बसूनही इतके दिवस मी तो नीट बघायची हिंमत केली नव्हती. हातात ग्लास, नजर सरळ तिच्यावर. चहाला गेलेला माणूस असा दिसत नाही.

तिने दोर सोडला आणि परवाना माझ्या हातात ठेवला. तो नसताना तिला दिवसभर काही विकता येणार नव्हतं. ती ताडपत्री दुमडून त्यावर बसून राहिली.

चौकीत हवालदारासमोर मी परवाना ठेवला. डब्यातून आणलेली पुडी सोडून दातही ठेवला. त्याने फोटो बघितला, मग माझ्याकडे बघितलं.

"मारलं तेव्हा तुम्ही कुठे होता?"

"तीन पावलांवर," मी म्हणालो.